लायब्ररीत काम करून करून जीव विटलाय? बर्नआउट ओळखायचा कसा आणि मग करायचं काय

"तुमचं काय बाबा, दिवसभर पुस्तकांत बसायचं, डोक्यावर पंखा, आजूबाजूला शांतता." लायब्ररीत नोकरी करणाऱ्या माणसाला हे वाक्य लग्नात, एसटी स्टँडवर, बँकेच्या लाइनीत कुठेही ऐकायला मिळतं आणि आपण पण कसनुसं हसून सोडून देतो. त्यामुळे होतं काय की आपण दमलोय हे सांगायचीसुद्धा लाज वाटायला लागते, दमायला आपण काय पोती उचलतो का. (उचलतो खरं तर. राजा राममोहन रॉय फाउंडेशनच्या, म्हणजे वाचनालयांना पुस्तकं देणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, पुस्तकांचे गठ्ठे आले की ते माडीवर कोण नेतं?)

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील. पण शाळा आणि कॉलेजातल्या मैत्रिणींचं ऐकून ऐकून त्यांचंही बऱ्यापैकी माहितीये. हे डॉक्टरी सल्ला म्हणून वाचू नका, एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर दिलेली माहिती म्हणून वाचा.

आधी हे नक्की काय असतं ते

बर्नआउट हा शब्द आता कुणीही कशालाही वापरतं, दोन दिवस झोप नाही झाली तरी बर्नआउट. मुळात न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्यांना तो दिसला कुठे तर एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या लोकांमध्ये. म्हणजे कामचुकार लोकांना नाही, मन लावून करणाऱ्यांनाच आधी धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या त्यांच्या आजारांच्या आणि आरोग्याशी संबंधित गोष्टींच्या यादीत त्याची व्याख्या दिली त्यात तीन गोष्टी आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. आणि त्यांनी स्पष्ट म्हटलंय की हा आजार नाही, कामाशी निगडित प्रकार आहे, सतत ताण राहिला आणि तो कुणी नीट हाताळलाच नाही की होणारा. मला यातलं हे "कामाशी निगडित" सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे उपाय सांगतात ते सगळे माणसाला सांगतात, प्राणायाम कर, सकारात्मक रहा, सकाळी लवकर ऊठ. कामाला कुणी काही सांगत नाही.

लायब्ररीत तो कसा दिसतो

थकवा तर सगळ्या नोकऱ्यांत असतो, त्यावरून कळत नाही. सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपूनसुद्धा सोमवारी कुलूप उघडताना हात जड होतोय आणि हे दर आठवड्याला होतंय, तर तिथे लक्ष द्या.

खरं कळतं ते वाचकाशी बोलण्यातून. एक आजी येतात, म्हणतात "मागच्या वेळी नेलं होतं ना गं, निळ्या कव्हरचं, त्यात ती सून असते, तसंच दुसरं दे." याच्यात एके काळी तुम्हाला मजा यायची, तुम्ही तीन कपाटं धुंडाळून अगदी तसंच पुस्तक काढून द्यायचात आणि आजी पुढच्या आठवड्यात येऊन "चांगलं होतं हं" म्हणायच्या. आता तुम्ही मान वर न करता "तिकडे बघा कपाटात" म्हणता. किंवा कुणी पुस्तक मागितलं की न बघताच "बाहेर गेलंय". हे "बाहेर गेलंय" फार डेंजर, कारण ते आत कपाटातच असतं आणि तुम्हाला ते माहीत असतं.

मग कामाच्या खुणा. परत आलेली पुस्तकं टेबलावर साठत जातात, आधी एक चळत, मग तीन, मग खालच्या स्टुलावर. नवीन खरेदीचे गठ्ठे सुतळीसकट पडून, दाखल नोंदवहीत चढलेच नाहीत. एकाच पुस्तकाला दोनदा नंबर पडतो. वर्गणीचा हिशेब पाच रुपयांनी चुकतो आणि त्या पाच रुपयांसाठी रडू येतं. आणि एक खूण जी कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे आपलं स्वतःचं वाचन बंद पडणं. दिवाळी अंकांचा ढीग आला तर पूर्वी आधी अनुक्रमणिका चाळायचो, आता फक्त शिक्के मारायचे आणि कुणाला कुठला दिला ते लिहायचं. पुस्तकाचा वाससुद्धा नको वाटतो काही लोकांना, मला एकीने सांगितलंय हे, आणि ती एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या एम.ए.सारख्या पदवीला, पहिली आलेली बाई आहे.

पण प्रत्येक वैताग म्हणजे बर्नआउट नाही हेही सांगते. मार्चएंडला ऑडिट, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कुठे खर्च झालं त्याचा दाखला), वार्षिक अहवाल असं सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा सगळेच चिडचिडे होतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत माणसात येतात. ते चालायचंच. एप्रिल गेला, मे गेला, जून आला तरी तसंच वाटतंय तर मात्र हे वेगळं प्रकरण आहे. शिवाय थकवा रक्त कमी असल्याने येतो, थायरॉइडने येतो, बी-१२ कमी असल्याने येतो, शुगरने येतो, तेव्हा आधी एकदा रक्त तपासून घ्या, फुकट मनाला दोष देऊ नका. आणि तिसरं डिप्रेशन. ढोबळ फरक असा की बर्नआउट कामाला चिकटलेला असतो, म्हणजे भाच्याच्या मुंजीला गेलात तर तिथे तुम्ही हसता खेळता जेवता. तिथेही काही गोड लागत नसेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते डॉक्टरला दाखवायचं प्रकरण आहे, त्याचं खाली लिहिलंय.

आपल्यालाच का होतं

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. राज्यात अकरा हजारांहून जास्त शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं, अ ब क ड अशा वर्गांतली. आकडा ऐकायला फार भारी वाटतो आणि आपण भाषणांत तो अभिमानाने सांगतोही, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सगळं मिळून एक माणूस असतो. तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडू मारणार. अनुदान हप्त्यात येतं, हप्ता लांबला की पगार लांबतो. अनुदानात २०१२ नंतर वाढ झाली ती थेट २०२२ मध्ये, ६० टक्के, आणि मधल्या दहा वर्षांत गॅसचा सिलिंडर काय थांबला होता का. पगार म्हणजे खरं तर मानधनच, शेतमजुरीला जास्त मिळतात असं गावात तोंडावर ऐकवतात लोक आणि ते खोटंही नसतं.

शाळेत वेगळी तऱ्हा. तिथे अर्धवेळ ग्रंथपाल असतो ज्याचा पगार अर्धा आणि काम पूर्ण, आणि कुणी शिक्षक रजेवर गेला की ऑफ तासाला वर्गावर कुणाला पाठवायचं तर लायब्ररीवाल्या मॅडमना. कॉलेजमध्ये पगार बरा पण नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हटलं की वर्षभराचे फोटो, रजिस्टर, एन-लिस्टच्या (कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या) वापराचे आकडे सगळं रात्री बसून जमवायचं, कारण हाताखालची पदं रिटायर झाली ती परत भरलीच नाहीत. आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वर्धिष्णू आहेच, पुस्तकं वाढली, संगणक आले, अभ्यासिका आली, फक्त माणसं तेवढी वाढली नाहीत.

आणि या सगळ्यावर पांघरूण घालायला एक वाक्य असतं: "ताई, हे सरस्वतीचं मंदिर आहे, इथे नोकरी नाही, सेवा करायची." मी या वाक्याला घाबरते. म्हणणारा माणूस बहुतेक वेळा चांगलाच असतो, अध्यक्षसाहेब स्वतः खिशातून पंखे देतात, पण एकदा मंदिर म्हटलं की पगार मागणारा लोभी, सुट्टी मागणारा आळशी आणि तक्रार करणारा पापी ठरतो. अमेरिकेत फोबाझी एटार या ग्रंथपाल बाईंनी २०१८ मध्ये नेमकं यावरच लिहिलं, की ग्रंथालयाला पवित्र मानून बसलं की तिथल्या कामाच्या अडचणींबद्दल बोलताच येत नाही आणि माणसं खपत जातात. वाचताना वाटलं ही बाई आमच्या वार्षिक सभेला येऊन बसली होती की काय. ग्रंथपाल दिनाला, म्हणजे १२ ऑगस्टला, शाल श्रीफळ मिळतं त्याचा आनंद आहेच हो, पण त्याच सभेत संध्याकाळच्या पाळीला दुसरा माणूस द्या हा विषय घ्यायला कुणी तयार नसतं.

पहिलं काम: दोन आठवडे लिहून काढा

डोक्यात सगळं "फार काम आहे" असं एकच गाठोडं असतं, ते सोडवल्याशिवाय पुढे काही करता येत नाही. एक जुनी वही घ्या, मोबाइलमध्ये नको कारण मोबाइल उघडला की ग्रुपवर सतरा मेसेज. दोन आठवडे तासातासाला एक ओळ लिहा: काय करत होते, कशाने उठावं लागलं, आणि नंतर कसं वाटलं. उगाच साहित्यिक लिहू नका, असं लिहा:

"११.१०. नवीन पुस्तकांना नंबर. उठले: वायफायचा पासवर्ड, पंखा कमी करा, पंखा वाढवा, आधार कुठे अपडेट करतात. १२ पर्यंत ७ पुस्तकं झाली. डोकं गरम."

"४.३०. दोघी शाळकरी मुली, प्रकल्पासाठी किल्ल्यांची पुस्तकं. छान वाटलं."

ही दुसरी ओळ पण लिहायची बरं का, नुसती रड लिहू नका, कारण कामातला कुठला भाग अजून जिवंत आहे तेही त्यातूनच कळतं आणि पुढे तोच वाढवायचा असतो.

दोन आठवड्यांनी वही वाचलीत की बहुतेकांना एक गोष्ट दिसते, देवघेवीने माणूस दमत नाही. दमवतं ते मध्ये मध्ये उठणं, तेच तेच आकडे चार जणांना चार नमुन्यात देणं, आणि अभ्यासिका. विशेषतः अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहाला दारात उभी असतात आणि रात्री अकराला निघतात, त्यांची धडपड बघून जीव तुटतो हे खरं, पण जागेवरून भांडणं, चार्जिंगच्या पॉइंटवरून भांडणं, डबा कुठे खायचा, चपला कुठे काढायच्या, हे सगळं सोडवायला ग्रंथपाल. त्याचा लायब्ररी सायन्सच्या सिलॅबसमध्ये एक धडा पण नव्हता.

मग कामाची फोड

वहीतल्या प्रत्येक कामाला विचारायचं, हे बंद केलं तर कुणाचं काय बिघडेल. काही कामं निव्वळ सवयीने चालू असतात. आमच्याकडे देवघेव संगणकावर आणि वर रजिस्टरमध्ये पण लिहीत होतो, का तर "असू दे". ई-ग्रंथालय किंवा कोहा, लायब्ररीचं जे काही सॉफ्टवेअर असेल ते नीट चालत असेल आणि बॅकअप रोज निघत असेल तर कमिटीचा ठराव घेऊन हाताने लिहायची देवघेव थांबवा. दाखल नोंदवही मात्र ठेवाच, तपासणीला ती लागते.

काही कामं अभ्यासिकेतल्या पोरांवर सोपवायची. दोन मॉनिटर नेमा, जागांचे नंबर टाका, नियम कागदावर लिहून अध्यक्षांच्या सहीने भिंतीवर लावा. सही अध्यक्षांचीच हवी, तुमची नको, म्हणजे भांडायला आलेला तुमच्याशी नाही, कागदाशी भांडेल. पोरं उलट खूश असतात, कारण आपसातली भांडणं त्यांनाही नकोच असतात.

आकड्यांचं असं करा की रोज बंद करताना एकाच तक्त्यात पाच आकडे भरा: आलेले वाचक, देवघेव, नवे सभासद, वर्गणी, अभ्यासिकेतली हजेरी. पाच मिनिटं लागतात. मग जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाने मागू दे, कमिटीने मागू दे नाहीतर पेपरवाल्याने मागू दे, बेरीज करून द्यायची. कॉलेजवाल्यांनी पण नॅकची वाट न बघता दर शनिवारी त्या आठवड्याचे फोटो आणि पत्रं एका फोल्डरला टाकली तर शेवटचा महिना माणसासारखा जातो.

मध्ये मध्ये उठण्यावर उपाय एकच, रोज एक तास काउंटर बंद. हे सांगितलं की सगळे दचकतात, वाचकांना कसं चालेल. चालतं हो. पोस्टात चालतं, बँकेत चालतं. दुपारी एक ते दोन "अंतर्गत काम" अशी पाटी लावा आणि त्यात नोंदी, वर्गीकरण, लेबलं उरका. पहिला आठवडा कुरकुर होते, नंतर लोक स्वतःच दोनला येतात. आणि त्यातली पहिली वीस मिनिटं डब्याची. काउंटरवर उभ्याने पोळीचा तुकडा तोंडात आणि हातात पावती पुस्तक, हे बंद.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगते, कारण सगळ्यात जास्त पोखरतं ते. रात्री साडेदहाला "मॅडम अमुक पुस्तक आहे का", आणि आपण अंथरुणातून उत्तर देतो, मग त्यावर हात जोडलेले तीन इमोजी आणि आणखी एक प्रश्न. वाचनालयाचा नंबर वेगळा घ्या, जुना साधा हँडसेट कमिटीकडून मागा आणि तो संध्याकाळी ड्रॉवरमध्ये. नंबर वेगळा मिळत नसेल तर निदान बिझनेस ॲप टाकून "वेळ ९ ते ६, नंतरच्या मेसेजला उद्या उत्तर मिळेल" असं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा. पदाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर सुविचाराला अंगठा दाखवायची सक्ती कायद्यात नाही.

कमिटीला सांगायचं कसं

तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की "बघू, करू, तुम्ही आहात म्हणून चाललंय" इथे विषय मिटतो. अर्ज लिहा, आवक नंबर घाला (आवक रजिस्टर तुमच्याच हातात असतं, हा एक फायदा), आणि एका अर्जात एकच मागणी. मी वापरते तो साचा साधारण असा:

"मा. सचिव, सप्रेम नमस्कार. गेल्या दोन आठवड्यांच्या नोंदीनुसार संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत रोज सरासरी ६० वाचक आणि अभ्यासिकेतले ४० विद्यार्थी असतात व या वेळेत मी एकटीच असते. त्यामुळे १४० नवीन पुस्तकांची दाखल नोंद प्रलंबित आहे, ज्याचा परिणाम तपासणीवर होऊ शकतो. या वेळेसाठी एक मदतनीस मानधनावर नेमावा किंवा संध्याकाळची वेळ एका तासाने कमी करावी ही विनंती. विषय येत्या सभेत घ्यावा."

आकडे अर्थात तुमचे घाला. यात दमले, थकले, ताण आला असला एकही शब्द नाहीये आणि तो मुद्दाम नाहीये, कारण दमण्यावर सहानुभूती मिळते पण तपासणीच्या नावाने ठराव होतो. हे असं असायला नको, पण आहे. दोन पर्याय द्यायचे म्हणजे त्यांना निवडल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही तुम्हाला चालणारे हवेत. ठराव झाला की इतिवृत्तात आलाय ना ते बघून घ्या. नाही झाला तर तीन महिन्यांनी तोच अर्ज, नवे आकडे, संदर्भात जुना आवक नंबर.

पदरमोड करू नका. झाडू, फिनेल, पेन, रजिस्टर, पाहुण्यांचा चहा, हळूहळू हे सगळं आपल्या पर्समधून जायला लागतं आणि अनुदान आलं की देऊ म्हणतात. किरकोळ खर्चाची उचल आधी घ्या, नाहीतर खर्च करू नका. एकदा फिनेल संपू द्या, लगेच पैसे येतात.

त्रासदायक वाचक, आणि संध्याकाळी एकटं असणं

दंड माफ करा म्हणून ओरडणारे, पान फाडून वर "आधीपासूनच फाटकं होतं" म्हणणारे, "मी कोण आहे माहितीये का" म्हणणारे. यांच्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा आणि तेच तेच बोला: "साहेब, नियम कमिटीचा आहे, मला बदलता येत नाही, तुम्ही अर्ज द्या मी सभेत ठेवते." कागद आणि पेन पुढे सरकवायचा. शंभरातले नव्वद लिहीत नाहीत. वाद घातलात की दिवस खराब तुमचा होतो, त्याचा नाही.

बायका एकट्या काम करतात तिथे आणखी एक असतं, रोज येऊन पेपर पुढ्यात धरून काउंटरकडे बघत बसणारा माणूस. त्याला ताण म्हणतसुद्धा नाहीत आपल्याकडे, पण सहा वाजायला लागले की पोटात गोळा येतो तो याचा असतो. टेबल असं फिरवा की दरवाजा तुमच्या बाजूला राहील, सीसीटीव्हीचा रोख काउंटरकडे करायला लावा, बंद करताना सोबत कुणीतरी हवंच हे लेखी मागा. आणि त्रास शब्दात, स्पर्शात, मेसेजमध्ये गेला तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आपल्यालाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तिच्याकडे करायची, घटना झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. त्रास देणारा पदाधिकारीच असेल तरीसुद्धा. आमच्या कामात हे बहुतेक जणींना माहीतच नसतं.

हरवलेल्या पुस्तकांची भीती

यावर कुणी लिहीत नाही म्हणून जरा लांबण लावते. ग्रंथपालाची झोप उडवणारी खरी गोष्ट ही आहे, स्टॉक तपासणीत पुस्तकं कमी निघाली तर आपल्या पगारातून, आपल्या ग्रॅच्युइटीतून कापतील. मोकळी कपाटं ठेवायची म्हणजे वाचक हात लावणार, हात लावणार म्हणजे थोडी जाणार, हे जगात सगळीकडे होतं. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ काढून वाचा. त्यात म्हटलंय की वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर चौकशी मात्र होणार. तपासणीबद्दलही तिथेच आहे, वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्यावर असतील तर नमुना तपासणी.

हा नियम केंद्राच्या संस्थांचा, गावच्या वाचनालयाला तसाच्या तसा बांधील नाही, पण कमिटीपुढे ठेवायला याच्याइतका वजनदार कागद दुसरा नाही. आपल्या संस्थेचाही असा ठराव करून घ्या. आणि तपासणी मे महिन्यात आठ दिवस लायब्ररी बंद करून धुळीत लोळत करण्यापेक्षा वर्षभर वाटून घ्या, जूनमध्ये कथा-कादंबरीची दोन कपाटं, जुलैमध्ये चरित्रं, असं. दर महिन्याला सापडली नाहीत त्यांची यादी सचिवांच्या सहीने फाइलला. वर्षानुवर्षं साठलेली पाचशे पुस्तकं एकदम गहाळ दाखवण्यापेक्षा दर महिन्याची तीन दाखवली की छातीवरचं ओझं खरंच उतरतं.

शरीराचं थोडक्यात

धुळीला मास्क लावा, जुन्या बांधणीच्या पुस्तकांना हात लावून झाल्यावर हात धुवा, स्टुलावर चढून वरच्या फडताळातलं काढायचं काम वाकडं तिकडं होऊन करू नका. रजा घ्या. घेतलेली रजा घरातली साफसफाई करण्यात घालवू नका हे बायकांना सांगायला पाहिजे, कारण आमची सुट्टी म्हणजे गव्हाला ऊन दाखवणं. वाचन बंद पडलं असेल तर जबरदस्तीने जाड कादंबऱ्या हातात घेऊ नका, लहान मुलांच्या कपाटातलं एखादं चित्रांचं पुस्तक न्या घरी. शिक्का न मारता वाचायचं.

आणि आपल्यासारखं दुसरं माणूस शोधा. घरच्यांना पगार दिसतो, कमिटीला काम दिसतं, "अनुक्रमांक २३४१ दोन पुस्तकांना पडलाय" यातली कळ फक्त दुसऱ्या ग्रंथपालालाच कळते. शेजारच्या दोन-तीन गावांतल्या लोकांनी महिन्यातून एकदा चहाला भेटा, संघटनेच्या मीटिंगा वेगळ्या, तिथे फक्त अनुदान. जमलं तर एकमेकांच्या रजेत जाऊन बसायची व्यवस्था करा, कमिट्यांना पण ती आवडते कारण दार बंद रहात नाही.

डॉक्टरकडे कधी

वर दोन आठवड्यांचं म्हटलं ते, शिवाय छातीत धडधड, रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या लागायला लागल्या, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी बोला, वही वगैरे भरत बसू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. गावात कळेल ही भीती असेल तर फोन सगळ्यात बरा, आपलं नाव कोण विचारतंय.

पदाधिकारी वाचत असतील तर

तुमचा ग्रंथपाल अचानक गप्प झाला असेल, पूर्वी पुस्तक खरेदीच्या यादीवरून तुमच्याशी वाद घालायचा आणि आता "तुम्ही म्हणाल ते घेऊ" म्हणत असेल, तर माणूस सुधारला असं समजू नका. हप्ता लांबला तर लांबलाय हे स्वतः येऊन सांगा, त्याला विचारायला लावू नका. वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, ग्रंथोत्सव, व्याख्यानमाला यांतलं काय करायचं आणि काय सोडायचं ते वर्षाच्या सुरुवातीला त्याला बसवून ठरवा. खुर्च्या लावायला माणूस द्या.

आणि सोडायचंच ठरलं तर

सगळं करून पण काही हलत नसेल तर सोडणं हा पळपुटेपणा नाही. फक्त रागाने एका दिवसात सोडू नका, चार्ज नीट द्या. दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, रोख शिल्लक, अनामत रकमेची यादी, गहाळ पुस्तकांची यादी, संगणकाचे पासवर्ड, चाव्या, सगळं एका कागदावर, घेणाऱ्याची आणि सचिवांची सही, तारीख, आणि त्याची एक झेरॉक्स आपल्या घरी. राहिलेल्या पगाराचा आकडा त्याच कागदावर लिहून घ्या. अनुभवाचं प्रमाणपत्र पण त्याच दिवशी मागा, नंतर कमिटी बदलते, लेटरहेड संपलेलं असतं आणि एका सहीसाठी मग हेलपाटे मारावे लागतात.